टाकी बघितलीस ना?

“घाई नडली. टाकी न बघताच उडालं पोरगं,” अंगणातल्या खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणालं, आणि आत चहा घेऊन बसलेल्या विजयश्रीनं ते ऐकलं.

निघोज्यातलं हे घर तिला नवं नव्हतं. पिंपरीहून बसनं ती इथं यायची आणि पुढं ज्ञानेशच्या गाडीतून दोघं फ्लाइंग क्लबात जायचे. विमान चालवायला शिकणारे या पट्ट्यातले हे दोघंच. बाकी सगळे पुण्यातल्या बड्या घरचे, म्हणून यांची गट्टी. आता त्याच हॉलमध्ये ज्ञानेशच्या फोटोला हार होता. तेरावं कालच झालं होतं. ती आज मुद्दाम एकटी आली होती, ज्ञानेशच्या आईला एकच गोष्ट सांगायला. पेट्रोलच्या टाकीत पाणी होतं, काकू, आणि ते मला दिसलं होतं. एवढंच सांगायचं होतं. बसमध्ये ते तिनं घोकून घोकून पाठ केलं होतं. इथं आल्यावर तोंडातून नुसतं “नको, चहा नको” निघालं, तरी चहा आलाच.

अपघात झाला त्या सकाळी एकटीनं विमान उडवायची पाळी तिची होती. रात्रभर पाऊस पडलेला, आणि विमान बाहेरच उभं. अशा छोट्या विमानाचा एक साधा नेम असतो. उडण्याआधी पंखाखालच्या झडपेतून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढायचं आणि उजेडात धरायचं. पेट्रोल निळसर दिसतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. विजयश्रीच्या नळीत पाणी बसलं. ते फेकून तिनं पुन्हा काढलं, पुन्हा पाणी. मग एकदाचं निळं आलं.

“झालं की स्वच्छ. पावसापाण्याचं एवढं यायचंच,” शिकवणारे सर म्हणाले.

पंख हलवायचा, कोपऱ्यात दडलेलं पाणी खाली येऊ द्यायचं आणि पुन्हा बघायचं, हे सरांनीच तिला शिकवलं होतं. पण सर आता घड्याळाकडे बघत होते. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे बाळकडू तिला घरातच मिळालेलं. त्यात क्लबात ती एकटीच मुलगी. भित्री म्हणायला सगळे टपलेले. मग तिनं शाळेपासूनची ठेवणीतली सबब काढली, जिच्यापुढं पुरुषमाणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.

“सर, पोटात दुखतंय.”

सरांनी लगेच मान फिरवली. ती शेडमधल्या बाकावर जाऊन बसली. ज्ञानेश आला, तिच्या तोंडाकडे बघत क्षणभर उभा राहिला. मग बाजूला जाऊन फोनवर काहीतरी बोलला आणि सरांना म्हणाला, “हिच्या जागी मी जातो.” विमानाकडे जाता जाता त्यानं तिला विचारलं, “टाकी बघितलीस ना?”

सर शेजारीच उभे होते.

“बघितली,” ती म्हणाली.

विमान झाडांच्या शेंड्यांवर गेलं असेल नसेल, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पलीकडच्या उसात ते पडताना तिनं पाहिलं.

चौकशीला साहेब आले. मुलगी आजारी होती, तिनं विमानाला हातसुद्धा लावला नव्हता, तपासायचं काम ज्ञानेशचं होतं, असं सरांनी सांगून टाकलं. साहेबांनी विजयश्रीकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. मेलेल्यावर ढकललं की सगळ्यांचंच भागतं. तो काही उलट सांगायला येत नाही.

बाहेर आता सोपानराव बोलत होते, ज्ञानेशचे वडील. आवाज पार बसला होता. “घाईचंच व्हतं आमचं पोरगं. गाडीतलं तेल न बघता निघायचं. आमीच लाडावून ठेवलं. दोष कुणाला द्यायचा?”

हे ऐकलं आणि विजयश्रीला स्वतःची शिसारी आली. बापानं पोराला रडायचं, की त्याच्या नसलेल्या चुकीची लाज वाटून घ्यायची? तिनं कप खाली ठेवला. ज्ञानेशची आई, जयमालाकाकू, तिच्या शेजारी येऊन बसली होती.

“काकू, मला सांगायचंय काहीतरी.” ती म्हणाली. “त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं. मी खोटं बोलले.”

काकू दचकली नाही. तिनं विजयश्रीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“ठाव हाय मला. जाताना फोन केला व्हता त्यानं. म्हणला, आई, जेवायला उशीर व्हईल. विजूच्या पोटात काय दुखत न्हाई, ती भ्यालीय. पोरं तिला हसतील, त्याच्या आत मीच जाऊन येतो.”

त्याला कळलं होतं. अर्धंच कळलं होतं.

“काकू, पण ती टाकी...”

“गप. बोलू नगंस काय.” काकूनं तिला कुशीत घेतलं आणि पदरानं तिचे डोळे पुसले. स्वतःचे तसेच वाहू दिले. “भ्यालीस, त्यात तुझा काय गुन्हा? भावकीतल्या बाया लागल्या व्हत्या तुला नावं ठेवायला. मीच गप केलं समद्यांना. म्हणलं, विमानात काय खोट असती, तर त्या पोरीनं माझ्या ज्ञानूला जाऊ दिलं असतं व्हय?”