पाचपैकी पाच तारे

ताईचा फोन दुसऱ्यांदा आला तेव्हा तो पडद्यावरच्या आठ जणांना काहीतरी समजावून सांगत होता. त्याने टेबलाखाली डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर दोनदा टेकवली. मनगटावरच्या घड्याळाने फोन कापला आणि ताईला परस्पर नेहमीचा ठरलेला निरोप धाडला : ‘मीटिंगमध्ये आहे. नंतर फोन करतो.’ आठांपैकी एकालाही पत्ता लागला नाही. हीच तर त्या घड्याळाची करामत.

तिसऱ्यांदा ताईने फोन केलाच नाही. लिहिलं : ‘आईला झटका आलाय. दवाखान्यात नेतेय.’

त्या गोष्टीला आता चार महिने झाले होते.

ऑफिसात त्याला ‘तारांकित’ म्हणत. दिवसभर तो प्रोग्रॅम लिहायचा आणि आठवड्यातून एकदा एका संकेतस्थळावर नव्या उपकरणांना तारे वाटायचा; संगणकवाल्यांच्या कामाचं काय आणि नुसतं मिरवायचं काय, ते सांगायचा. घडी घालायच्या कीबोर्डला तीन. डुलकी लागली की बोंबलणाऱ्या चष्म्याला एक, तोही दयेपोटी. घड्याळाला मात्र पाचपैकी पाच. दिवसाला चाळीस मिनिटं वाचतात, असं त्याने तक्त्यासकट सिद्ध केलं होतं. त्या चाळीस मिनिटांचं त्याने पुढे काय केलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

आता तो आईच्याच घरी मुक्कामाला होता. तिच्या पलंगाशेजारी लॅपटॉप मांडून काम करायचा.

आईची उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी चार-पाच शब्द परत आणले, पण तेही चोळामोळा झालेले. एक अख्खं वाक्य मात्र तिच्याकडे पहिल्यापासून होतं. कुणालाच न कळणारं. दिवसातून पन्नासदा ती ते म्हणायची. आधी एक लांब तुकडा, मग श्वास, मग दुसरा.

“पुष्कळदा असं एखादंच वाक्य जिभेवर उरतं,” बाई म्हणाल्या. “घरात वर्षानुवर्षं घोळलेलं.”

“‘जेवलास का रे बाळा’,” ताई म्हणाली. “दुसरं काय असणार?”

“मला वाटतं, ‘मी बरी आहे, काळजी करू नकोस’.”

“तुला तेच वाटणार. सोयीचं आहे.”

तो लॅपटॉपकडे वळला.

“आणि तू खोलीत नसलास की जास्त म्हणते,” ताई जरा नरमून म्हणाली. “दाराकडे बघत. कुणाची तरी समजूत घातल्यासारखं.”

त्याच सुमारास परीक्षणासाठी ते यंत्र आलं. शर्टाच्या बटणाएवढं, गळ्याशी अडकवायचं. गोंगाटी बैठकीत कोण काय पुटपुटलं, ते फोनवर लिहून दाखवणारं. ऑफिसच्या एका बैठकीत यंत्राने साहेबांच्या जांभईला ‘मंजूर’ असं लिहिलं. दीड तारा, असं त्याने मनात ठरवून टाकलं होतं. मग शेवटच्या पानावर वाचलं, की बोलणं अडखळणाऱ्या माणसाचा आधीचा आवाज आणि आताचा आवाज दोन्ही ऐकवले, तर ते त्याची बोली शिकतं.

“आणखी एक डबा?” ताईने विचारलं. तिची नजर भिंतीवरच्या फळीवर होती. तिथे त्याने पाठवलेल्या वस्तूंची रांग होती. पावलं मोजणारा पट्टा, खोकंही न फोडलेला. वेळेवर वाजणारी गोळ्यांची डबी. तिच्यात आईने शर्टांची सुटी बटणं ठेवली होती. आणि एक छोटा स्पीकर. आईला बारीक अक्षरं दिसत नसत म्हणून त्याने तो दिला होता. आलेला निरोप तो पाठवणाऱ्याच्याच आवाजात वाचून दाखवायचा.

“तिने वापरलं ते एवढंच,” ताई म्हणाली. “रोज पुसायची. ते बोलायला लागलं की हातातलं भांडं खाली ठेवायची.”

“वस्तू चांगलीच आहे. मी चार तारे दिले होते.”

“मोठे उपकार झाले.”

आईचा आधीचा आवाज त्याच्या फोनमध्येच होता. तिने बोलून पाठवलेले दोनशे बारा निरोप. बहुतेकांवर न ऐकल्याची खूण अजून तशीच होती. तो एकेक उघडून यंत्राला ऐकवत बसला. ‘तुझा निळा स्वेटर सापडला रे.’ ‘खोकला गेला का?’ ‘काही नाही, सहज.’ नुसतं ‘काही नाही, सहज’ एकतीस वेळा निघालं. मध्येच तो उठून तोंड धुऊन आला.

बारा दिवस यंत्र शिकत राहिलं. तेराव्या दिवशी आईच्या तोंडून एक ओला, मोडका आवाज निघाला आणि फोनवर लिहून आलं : ‘पाणी’. ताईने पेला ओठांना लावला. आईने घटाघट पाणी संपवलं आणि ‘अजून’ म्हणाली. तेही बरोबर उमटलं.

ताई पदराने डोळे पुसत म्हणाली, “दे बाबा याला पाच. माझ्याकडून सहावा दे.”

“थांब. ते वाक्य येऊ दे.”

रविवारची सकाळ होती. पलंगावर ऊन आलं होतं. त्याने ते बटण आईच्या गळ्याशी नीट अडकवलं, घड्याळ काढून उशाशी ठेवलं आणि तिचा चांगला हात आपल्या हातात घेतला.

“आई, रोज काय म्हणतेस गं मला? सांग ना. आज कळेल मला.”

“‘जेवलास का’,” त्याच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत ताई पुटपुटली. “लाव पैज.”

आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. अर्ध्या ओठांनी हसली. मग हात सोडवून घेऊन त्याच्या गालावर ठेवला आणि सावकाश, रडणाऱ्या पोराला उगी करावं तशी, बोलली. लांब तुकडा, श्वास, मग दुसरा.

फोनवर अक्षरं उमटली, एकही न चुकता.

‘मीटिंगमध्ये आहे. नंतर फोन करतो.’