टाचेला हात लागला की

टाचेला बोटं लागली आणि यामिला थांबली.

विचार करायला वेळच नव्हता. तलावाची भिंत आली, ती कोपऱ्यात सरकली, मागचीला वाट दिली. डेल्फिना कोलांटी घेऊन, भिंतीला लाथ मारून निघूनही गेली. तेव्हा वरून आईचा आवाज फुटला. "यामी! मेले, थांबलीस काय? शर्यत आहे ना ही!"

शर्यतच होती. निवडीची. प्रांताच्या संघात जागा एकच, आणि त्या जागेबरोबर सान्ता फेच्या वसतिगृहात खाणं, राहणं, शाळा. विटांच्या भट्टीवरून सुटायची यामिलाला तेवढीच वाट. डेल्फिना क्लबच्या अध्यक्षांची मुलगी. तिला कुठूनच सुटायचं नव्हतं.

यामिलाने भिंतीला लाथ मारली. ती पोहली नाही, तिने पाणी फाडलं. पंज्याएवढ्या अंतराने हरली.

पराना नदीच्या काठावरच्या त्या क्लबात लेन कमी, पोरं जास्त. शर्यतीतही एका लेनमध्ये दोघी सोडत. सरावाची रीत साधी. उजवी बाजू धरायची. मागच्याने टाचेला हात लावला की भिंतीशी थांबायचं, त्याला पुढे सोडायचं. ही रीत तिला क्लबच्या प्रशिक्षकांनी, प्रोफे आन्सेल्मोंनी, शिकवली होती. भट्टीवरची चिखलाने माखलेली पोर त्यांनीच उचलून आणली, पोटाखाली हात धरून तरंगवली, फीचं नाव काढलं नाही. एकदा डेल्फिनाचा हात लागूनही ती थांबली नाही, तर जुलैच्या ऐन हिवाळ्यात ओल्या अंगाने तिला दाराबाहेर उभं केलं. "पाण्यात आधी रीत, मग वेग," ते म्हणाले.

डेल्फिना पुढे असली आणि यामिलाने तिला गाठलं, तर मात्र म्हणायचे, "तिला कशाला हात लावतेस? वळसा घालून जा की."

यामिला वळसे घालत राहिली. तिला बाप नव्हता. प्रोफे होते.

आता ती ओलीच त्यांच्याकडे धावली. प्रोफे अध्यक्षांना येर्बाचा कडू चहा भरून देत होते. यंदा त्यांच्या नोकरीची मुदत संपत होती, हे अख्ख्या क्लबाला ठाऊक होतं.

"प्रोफे, तिने माझ्या टाचेला हात लावला! शर्यतीत!"

"मग तू थांबलीस कशाला, खुळे? शर्यतीत कोण रीत पाळतं?"

अध्यक्ष हसले. प्रोफेही हसले. जरा उशिराच.

कपडे बदलायच्या खोलीत डेल्फिना बाकावर बसली होती. टोपीसुद्धा काढली नव्हती. यामिलाने तिचा दंड धरून तिला उभं केलं.

"रोज माझ्या डब्यातलं खातेस, आणि मलाच बुडवलंस? बोल!"

"मला नव्हतं करायचं, यामी. देवाशप्पथ. मी म्हटलंही, शर्यतीत कोण थांबतं? ती नाहीच थांबणार."

"कोणाला म्हटलंस?"

डेल्फिना रडायला लागली.

"प्रोफेंना. ते म्हणाले, थांबेल. तिला मी शिकवलंय."