राहिलेली पाकळी

नाताळचं जेवण झाल्यावर तूवाने आजीच्या मांडीवर एक लोकरीची पिशवी ठेवली. बर्गनच्या बाजारातली एक बाई लोकांनी टाकून दिलेले स्वेटर कापून अशा पिशव्या शिवते.

"बघ ना आजी, अगदी तुझ्यासारखा हात आहे. असलं विणकाम टाकून देववतं तरी कसं लोकांना?"

आजीने पिशवीवरच्या फुलावरून बोट फिरवलं. फूल आठ पाकळ्यांचं, पण पाकळ्या सातच होत्या. बोटं पार आखडण्याआधी तिने शेवटचा स्वेटर विणला होता तो तूवासाठीच, आणि त्यातल्या फुलाची एक पाकळी राहून गेली होती.

 

"छान आहे गं," आजी म्हणाली. "बाह्यांचं काय केलं असेल त्या बाईने?"