अळिवाचा थर

डॉक्टर युन यांनी सुमतीबाईंच्या पोटातल्या सुईवर वाळक्या पाल्याचा बोळा पेटवला. ऊब आत उतरली, चरबी वितळू लागली आणि ती ज्या खाण्यातून साठली होती त्याची चव जिभेवर आली.

"कसली चव येतेय?" तळेगावात राहून या कोरियन डॉक्टरांचं मराठी चांगलं झालं होतं.

"जिलबी."

"पुतण्याच्या लग्नातली," शेजारी बसलेले दत्तोपंत म्हणाले. "मला सांगत होती, एकच खाल्ली."

त्याखालचा थर जुना होता, यकृताला धरून बसलेला. तो काढल्याशिवाय हृदयाचं ऑपरेशन होणार नव्हतं. डॉक्टरांनी सुई जरा खोल नेली. सुमतीबाईंनी डोळे मिटले.

"अळीव," त्या हळूच म्हणाल्या.

दत्तोपंत खाली बघू लागले.

"दूध यावं म्हणून आईनं लाडू केले होते. मुलगी बारशाआधीच गेली. डबा भरलेला होता. वाया कशाला घालवायचे, म्हणून मी खाल्ले."

डॉक्टरांनी तीन बोटांनी नाडी धरली. "शरीरानं ते तिच्यासाठी राखून ठेवलंय. हा थर गेला की ही चव परत कधीच येणार नाही. काढू?"

"काय करू हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"काढू दे," दत्तोपंत म्हणाले. "तू तरी राहा."

दुसरा बोळा पेटला. खोलीत भाजक्या अळिवाचा वास भरला. साठीच्या सुमतीबाईंचं पोलकं छातीशी ओलं होऊ लागलं. त्यांचे हात आपोआप वळले आणि कोपर वजनानं किंचित खाली गेलं.

बोळा विझला. डॉक्टरांनी सुई काढायला हात पुढे केला.

"थांबा जरा," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "तिचं पोट भरू दे."