गोपाल परदेशात गेला

"आडनाव कुठं आहे?" विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पुन्हा एकदा चाळून विचारलं.

"इंगोले. गोपाल जानराव इंगोले."

"तुमचं आहे हो. पासपोर्टवर कुठं आहे, ते विचारतेय मी."

पासपोर्टवर नुसतं 'गोपाल' होतं. आडनावाची जागा कोरी. काढला तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. व्हिसासुद्धा तेवढ्याच नावावर आला होता. पण त्या देशाने नुकताच नियम बदलला होता. पासपोर्टवर एकच नाव असेल, तर प्रवेश नाही.

मुलगी वाईट नव्हती. तिने साहेबांना फोन लावला, त्याचं आधार कार्ड पाहिलं, त्याला प्यायला पाणी दिलं. शेवटी म्हणाली, "इथून बसवलं तरी तिकडून परत पाठवतील, दादा. पासपोर्ट दुरुस्त करून घ्या."

तिकडे नोकरी देणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, दुरुस्त झाल्यावर कळव, पुढच्या वेळी बघू.

गोपाल परतीच्या गाडीत बसला. बॅग मांडीवर घेऊन रात्रभर तसाच. गावी, वलगावच्या स्टँडवर त्याच्या फोटोचा मोठा फलक लागला होता. 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन.' निघताना जानरावांनी फेटा बांधला होता आणि ज्याला त्याला थांबवून सांगितलं होतं, "पोरगं इमानात बसून राह्यलं माहं." बायको, रागिणी, चारचौघांत रडली नव्हती. तिने फक्त जवसाची चटणी दोनदा बांधून दिली होती.

शेगाव मागे पडलं आणि फोन वाजला.

"पोचला काय रे बाबू?" जानराव ओरडून विचारत होते. त्यांच्यामागे माणसांचा गलका होता.

गोपालने तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. "हाओ बाबा," तो म्हणाला. "पोचलो."

तेवढ्यात इंजिनाने भोंगा दिला. त्याने फोन छातीशी दाबून धरला. पुन्हा कानाला लावला, तेव्हा पलीकडे रागिणी होती.

"जेवले काय?"

"हाओ."

"बरं," ती म्हणाली. "तब्येतीले जपा."

आता गावाकडे जायला बडनेऱ्याला उतरायची सोयच राहिली नाही. गोपाल अकोल्याला उतरला.

आयटीआयमधला, त्याच्या लग्नात राबलेला दोस्त फारुख अकोल्यात कूलर-एसी दुरुस्तीचं दुकान चालवायचा. तो बघतच राहिला. "अबे गोप्या, तू तं इमानात होता ना?"

गोपालने सगळं सांगितलं.

"मंग घरी काऊन नाही गेला?"

"त्या फलकाखालून कसा जाऊ?"

फारुखने दुकानावरची खोली झाडून दिली. अकोल्याचा उन्हाळा, घरोघरचे कूलर बंद पडलेले. कामाला तोटा नव्हता. पासपोर्टचं मात्र गोपाल पुढे ढकलत राहिला. अर्ज केला की चौकशीला पोलीस वलगावला जाणार, घरच्या दारात उभे राहणार. उन्हाळा जाऊ दे, मग बघू, असं तो स्वतःला सांगायचा.

संध्याकाळी काम आटोपलं की गच्चीत उभं राहून घरी फोन करायचा. तिकडे व्हिडिओ कॉलला बंदी आहे, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"लय ऊन हाय इथं," तो म्हणायचा. तेवढं एक खरं असायचं.

"डोक्याले दुपट्टा बांधत जा," रागिणी म्हणायची. "दुपारचे गच्चीवर चढत नका जाऊ."

एकदा फोन चालू असतानाच खालून हातगाडीवाला ओरडत गेला, "आलू घ्या, वांगे घ्याऽ!" गोपालने घाईने फोनवर हात दाबला.

"कोण वरडून राह्यलं?" रागिणीने विचारलं.

"इथं... आपल्याकडचे लय लोक आहेत."

"बरं हाय. करमते मंग तुमाले."

आणखी एकदा म्हणाली, "बाबाच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. सारे अकोल्याच्या डॉक्टरचं नाव सांगून राह्यले होते. बाबा तं निघालेच होते. म्या म्हटलं, कायले तितल्या दूर? अमरावतीतच करू."

गोपालने गच्चीवरच देवाला हात जोडले.

तिची भोळी माया पाहून त्याला जास्तच लाज वाटायची. ती कधी काही मागायची नाही. तिथलं घर कसं आहे, माणसं कशी आहेत, येणार कधी, काही म्हणजे काही विचारायची नाही. त्याने चार खोट्या गोष्टी जुळवून ठेवलेल्या असायच्या, त्या तशाच राहायच्या.

जानरावांचं ऑपरेशन झालं. त्या संध्याकाळी रागिणी म्हणाली, "उद्या पट्टी सुटते. बाबा म्हणून राह्यले, पहिले गोपालचा चेहरा पायतो. मी म्हटलं, व्हिडिओ नाही लागत तिथं. तं म्हणाले, फोटो दाखव मंग."

गोपाल कठड्यावर बसला. डोळ्यांसमोर फेटा बांधलेला बाप आला. आता पुरे, असं त्याने मनाशी ठरवलं.

"रागिणी, मले तुले एक सांगाचं हाय."

पलीकडे बांगड्या वाजल्या. दार लोटल्याचा आवाज आला. ती घरातून अंगणात आली असावी.

"आज नका सांगू," ती हळूच म्हणाली. "आवाज थकलेला वाटते तुमचा. सांगाचं तवा सांगजा. मी इथंच आहो."

"नाही, आयक तं—"

"जेवले काय?"

"...हाओ."

"बरं, ठेवते मंग. अन् आयका, अकोल्याले उद्या नळ नाही येणार म्हणते. आत्ताच टिपाडभर पाणी भरून ठेवजा."