एक कुटुंब, एक देणगीदार

वल्लरीने टेबलावरचा बिल्ला उचलून चंदनापुढे धरला. ‘श्री. व सौ. गिरीराज मोहिते, सुवर्ण मंडळ.’

चंदनाने तो घेतला नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीतून कॉलेजपर्यंत यायला सगळी संध्याकाळ गेली होती. ऑफिसची बॅग अजून खांद्यावरच होती.

“आमचा घटस्फोट झालाय,” ती म्हणाली. बँकेत, गॅस एजन्सीत, सोसायटीच्या ऑफिसात सांगून सांगून त्या वाक्यात आता काहीच उरलं नव्हतं.

वल्लरी गडबडली. पुण्याहून येऊन कॉलेजच्या देणगीदारांचं काम बघायला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. “सॉरी मॅडम, मी बदलून घेते. पण एक प्रॉब्लेम आहे. एक कुटुंब म्हणजे एक देणगीदार, असा नियम आहे. तुमची दोघांची देणगी मिळून तुम्ही सुवर्ण मंडळात आहात. वेगळं धरलं तर दोघंही रजतमध्ये जाल. मग स्टेजवर सत्कार नाही, आणि दारातल्या भिंतीवर नावही नाही.”

गिरीराज केव्हाचा मागे येऊन उभा होता. दोघं याच कॉलेजात शिकले होते, आणि नोकरी लागल्यापासून इथल्या ग्रंथालयाला दरवर्षी मिळून देणगी देत आले होते.

“राहू दे की ते,” तो हळूच म्हणाला. “स्वल्प वेळाचं तर काम. शाल घ्यायची, फोटो काढायचा, घरी जायचं.”

“कुणाच्या घरी?”

त्याच्या शर्टाची कॉलर चुरगळलेली होती. चंदनाच्या ते नजरेत आलं, आणि आलं म्हणून तिचं तिलाच वैतागायला झालं.

“दमलेय रे मी,” ती म्हणाली. “आणखी एका ठिकाणी तुझी बायको व्हायचं त्राण नाही माझ्यात.”

गिरीराज थोडा वेळ भिंतीवरच्या नावांकडे बघत राहिला. मग कानडीच्या सवयीने वल्लरीला म्हणाला, “सरी, ठीक आहे. रजत करा आम्हाला. दोघांनाही.”

“मॅडम, नाव काय लिहू?”

“चंदना हंबीरराव जगताप.” वडिलांचं नाव लावून असं ओळीने सांगताना ती मध्येच जराशी अडखळली.

सुवर्ण मंडळाला पुढचे सोफे होते, रजतला मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दोघं आत जाईपर्यंत दोनच रिकाम्या उरल्या होत्या, त्याही शेजारी शेजारी. ती बसली. तोही बसला.

स्टेजवर एकामागून एक शाली चालल्या होत्या. चंदनाने बॅग मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने रजत मंडळाची पाळी आली. नाव पुकारल्यावर सदस्यांनी जागेवरच उभं राहावं, असं निवेदिकेने सांगितलं. गिरीराज उठला, थोड्या टाळ्या पडल्या, तो बसला. त्याच्यामागून आणखी काही जण उठले, बसले.

“चंदना हंबीरराव जगताप.”

कुणीच उठलं नाही. लोक इकडेतिकडे बघू लागले, तशी चंदनाही वळून मागच्या रांगेकडे बघू लागली. इतकी वर्षं या सभागृहात तिचं नाव गिरीराजच्या नावाला लागून यायचं आणि दोघं एकदमच उठायचे. निवेदिकेने नाव पुन्हा घेतलं.

गिरीराजने तिच्या कोपराला हलकेच हात लावला.

“अगं, तूच ती,” तो म्हणाला. “ऊठ.”