चालकाची सीट

गवत कापायच्या गाडीच्या सीटवर बंड्या ऐटीत बसला होता आणि गाडीच्या पुढे, लॉनच्या उतारावर, सुदाम गांगुर्डे कालच्या लग्नात फुटलेल्या काचा वेचत चालला होता. गाडी आपली आपण वळायची. पण सीटवर जिवंत हृदय धडधडत असेल, तरच ती चालायची, कारण समोर बघणं ही चालकाची जबाबदारी होती. ते हृदय कुत्र्याचं आहे, हे काही तिला कळत नव्हतं.

"अहो, आधी त्या कुत्र्याला उतरवा बरं!" सुदामची बायको शालन स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली.

"संध्याकाळी दुसरं वऱ्हाड येतंय. दोन्ही कामं कोण करणार, तू?"

हे बोलायला तो मागे वळला आणि त्याचा पाय फवाऱ्याच्या खड्ड्यात घोट्याच्या वर अडकला. ओढून निघेना. गाडी सरळ त्याच्याच अंगावर येत होती.

"बंड्या! उतर! ये, इकडे ये!"

मालकाच्या आवाजातली भीती ऐकून बंड्याने खाली उडी मारली. पाती थांबली. गाडी सुदामच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. शालन धावत निघाली, पण लॉन लांबलचक होतं.

तेवढ्यात गाडी नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "चालक, कृपया सीटवर बसा."

बंड्याने कान टवकारले. हे वाक्य ऐकून सीटवर बसलं की बिस्कीट मिळतं, हे सुदामनेच त्याला महिनाभर खपून शिकवलं होतं.

"नको! बंड्या, नको!"

बंड्या टुणकन सीटवर चढला आणि शेपटी हलवत बिस्किटाची वाट पाहू लागला.